इ. स. १९५० चीं नाणीं : एक परीक्षण

नाण्यावरील लेख हा सत्तेचा पुरावा मानण्याचा प्रघात आहे. परंतु नागपूरकर भोसल्यांचे रुपये ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस हा पुरावा किती जपून घ्यावा लागतो हें सांगावयास नको. राज्य भोसल्यांचें, टांकसाळ भोसल्यांची, आणि नांव मात्र दिल्लीच्या बादशहाचें! ईस्ट इंडिया कंपनीनेंहि बंगालच्या आपल्या रुपयांवरील शाहआलमाचें नांव इ. स. १८३५ पर्यंत सोडलें नाहीं. सत्ता आधीं बदलते; ठसा मागाहून बदलतो.

आमच्या लोकसत्तेच्या आरंभींहि हेंच दिसतें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला. तथापि त्या सालच्या निकेलच्या रुपयावर एका बाजूस सहाव्या जॉर्जचें मुकुटधारी मस्तक व दुसऱ्या बाजूस वाघ आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं प्रजासत्ताक स्थापन झालें व त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं नवीं नाणीं निघालीं. राजाच्या जागीं सारनाथचें सिंहशीर्ष आलें. रुपया, अधेली व पावली यांवरील वाघ जाऊन धान्याचीं कणसें आलीं. चवली, आणा व अर्धा आणा यांवर बैल, आणि पैशावर घोडा आला. बैल व घोडा हे दोन्ही सिंहशीर्षाच्या बैठकीवरहि कोरलेले असल्यामुळें या मालिकेस एकसूत्रीपणा आला आहे.

ही निवड आम्हांस प्रशंसनीय वाटते. नोटांकरितां प्रथम गांधीजींच्या चित्राचा विचार होऊन आराखडेहि तयार झाले होते. अखेर तेथेंहि सिंहशीर्षच पत्करलें गेलें. राजाच्या जागीं एखादा थोर पुरुष बसविणें सोपें होतें. परंतु जेथें राज्यकर्ते मतदानानें बदलावयाचे, तेथें कोणाचाच मुखवटा नसणें हेंच उचित.

लेखाविषयीं मात्र असें म्हणतां येत नाहीं. सिंहशीर्षाभोंवतीं ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ हीं अक्षरें केवळ इंग्रजींत आहेत. नागरींत आहे ती फक्त किंमत. ज्या भूमींत शिवरायीवर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ हीं अक्षरें नागरींत उमटलीं, तेथें प्रजासत्ताकाच्या पहिल्या नाण्यावर देशाचें नांव नागरींत असूं नये, ही उणीव लहान नव्हे. बादशहा गेला, राजा गेला, आणि त्यांच्या जागीं सरकार येऊन बसलें! ‘भारत’ हा शब्द उमटण्यास १९५७ चीं दशमान नाणीं यावीं लागलीं. आमच्या मतें लोकसत्तेचा ठसा पुरा झाला तो तेव्हां.

हीं नाणीं अलीकडचीं व विपुल म्हणून संग्राहक त्यांस बाजूस सारतात. तसें करूं नये. १९४७, १९५० व १९५७ या सालांचें एकेक नाणें भोसल्यांच्या रुपयाशेजारीं ठेवून पाहावें. सत्तांतराची तारीख आणि तें प्रजेच्या हातीं पोंचल्याची तारीख यांतील अंतर त्यावरून स्पष्ट होईल.