टिंबाचा हिशेब

अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांचे आत्मकथन १९७८ साली आले. ग्रंथभाषेत त्याचे नाव ‘बलुते’ झाले असते. त्यांनी ‘बलुतं’ ठेवले. त्या टिंबात महारवाड्याचा उच्चार आहे.

आज अहिल्यानगरची काही पोरे मोबाईलवर रोमन अक्षरांत, स्वर गाळून कविता लिहितात आणि त्या घाईलाच ‘आमची बोली’ म्हणतात. मला हे मान्य नाही. बोली पिढ्यांनी कमावलेली असते. गाळलेला स्वर फक्त वेळ वाचवतो. पण ‘अशुद्ध’ म्हणून त्यांची कविताच फेकणाऱ्यांच्या पंक्तीलाही मी बसणार नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळलेच. मराठी बुडाली नाही.

मित्रांनो, जरूर गाळा. मात्र गाळताना आपल्या आईचा उच्चार तर गळत नाही ना, एवढे तपासा.