गोळी, बीट आणि श्रोता : शिकागोच्या ड्रिल रॅपची समीक्षा

गेल्या काही वर्षांत तुम्ही जे हिंदी, पंजाबी किंवा मराठी रॅप ऐकले असेल, त्यातल्या काही गाण्यांत एक जड बास वरून खाली घसरत येतो आणि त्यावर तुटक, धमकीच्या सुरातले शब्द येतात. या शैलीला ड्रिल म्हणतात. घसरता बास तिला लंडनमध्ये मिळाला. जन्म मात्र अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात, २०१० च्या आसपास झाला. या टिपणात आपण त्या मूळ शिकागो ड्रिलचा विचार करणार आहोत. समीक्षेच्या दृष्टीने त्यातला प्रश्न अवघड आहे. ज्या गाण्यात खरोखर मारल्या गेलेल्या एखाद्या मुलाची टर उडवलेली असते, त्या गाण्याला चांगले म्हणता येईल का? माझे मत आधीच सांगून ठेवतो. कधीकधी म्हणता येते, पण ती टर असूनही. तिच्यामुळे कधीच नाही.

आधी शब्द आणि जागा समजून घ्या. तिथल्या रस्त्यावरच्या बोलीत ‘ड्रिल’ म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर चाल करून जाणे, गोळ्या झाडणे. हा शब्द गाण्यात आणण्याचे श्रेय पॅकमन या रॅपरला दिले जाते. तो स्वतः २०१० साली गोळीबारात मारला गेला. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागोत आली. घरे कुठे घ्यायची आणि कर्ज कुणाला द्यायचे यावरच्या भेदभावामुळे ती ठरावीक वस्त्यांत कोंडली गेली. पुढे सरकारने सोळा मजली इमारतींच्या रांगा बांधल्या आणि २००७ पर्यंत त्या पाडूनही टाकल्या. माणसे विखुरली. जुन्या मोठ्या टोळ्यांचे म्होरके तुरुंगात गेले होते. टोळ्या फुटून दोन-दोन गल्ल्यांचे गट झाले. या गटांची नावे पाहण्यासारखी आहेत, कारण पुष्कळदा ती मेलेल्या मित्राची नावे असतात. ‘ओ ब्लॉक’ हे ड्रिलमधले सर्वांत गाजलेले नाव २०११ साली मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या नावाच्या आद्याक्षरावरून पडले. (मिशेल ओबामा अगदी लहान असताना काही काळ याच वसाहतीत राहत होत्या.) म्हणजे गाण्यात नुसता पत्ता सांगितला तरी तो शोकाचा उच्चार असतो, आणि समोरच्या गटाला आव्हानही.

आता गाण्याकडे येऊ. चीफ कीफचे ‘आय डोन्ट लाइक’ २०१२ मध्ये आले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. शस्त्रासंबंधीच्या एका प्रकरणात न्यायालयाने त्याला आजीच्या घरात नजरकैदेत ठेवले होते. त्या काळातले व्हिडिओ त्याच घरात चित्रित झाले. डीगेन्झ या तरुण दिग्दर्शकाने साध्या कॅमेऱ्याने ते टिपले. दिवाणखान्यात उघड्या अंगाची मुले उड्या मारत आहेत, बस एवढेच. संगीत यंग चॉपचे, तोही तेव्हा विशीच्या आतला. घंटेसारखे वाजणारे भेसूर स्वर, खाली भूकंपासारखा बास आणि बंदुकीच्या आवाजाची आठवण करून देणारे ड्रम, अशी त्याची बांधणी आहे.

या गाण्याचे शब्द कागदावर वाचले तर हाती फारसे काही लागणार नाही. आपल्याला काय आवडत नाही याची ती एक यादी आहे, आणि प्रत्येक ओळ पुन्हा त्याच दोन शब्दांवर येऊन आदळते. कारण सांगितलेले नाही, गोष्ट नाही, पश्चात्ताप नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीचा लॉस एंजेलिसचा गँगस्टा रॅप आठवा. तिथे पोलिसांवर राग होता, युक्तिवाद होता, ऐकणाऱ्याला काहीतरी पटवून द्यायची धडपड होती. कीफला काहीच पटवून द्यायचे नाही. त्याचा आवाज सपाट आहे, थोडा कंटाळलेला. बंदुकीचा उल्लेख आणि नव्या पँटचा उल्लेख तो एकाच पट्टीत करतो. अनेकांनी याला प्रतिभेचा अभाव म्हटले. मला तोच या शैलीचा शोध वाटतो. ज्या वयात मुले परीक्षेची धास्ती घेतात त्या वयात ज्याने मित्र पुरले आहेत, त्याच्या भावना चढत्या स्वरात येतीलच असे नाही. कदाचित त्या येणारच नाहीत, आणि न येणे हेच गाण्यात ऐकू येते. ध्रुवपदाची हट्टी पुनरावृत्ती इथे सजावट म्हणून येत नाही. दुसरा शब्द सुचू न देणारी मनःस्थिती ती दाखवते. कान्ये वेस्टने त्याच वर्षी या गाण्याची नवी आवृत्ती मोठ्या नावांना घेऊन काढली. ती ऐकून पाहा. सराईत रॅपर्सनी शब्द वाढवले आणि भीती कमी केली.

सगळे ड्रिल असे नसते, हेही लक्षात घ्या. जी हर्बो (तेव्हाचे नाव लिल हर्ब) शब्दांची दाटी करतो. ध्रुवपदाची वाट न पाहता धापा टाकत पुढे जातो, जणू थांबला तर कुणीतरी गाठेल. किंग व्हॉनने २०१८ च्या ‘क्रेझी स्टोरी’मध्ये निव्वळ कथनाचे कौशल्य दाखवले. कोण कुठे उभे आहे, कोणाला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा ताण तो एखाद्या चांगल्या रहस्यकथाकारासारखा सांभाळतो. केटी गॉट बँड्झ हिने तोच उद्दामपणा मुलीच्या आवाजात आणला. या पुरुषी मैदानात हे सोपे नव्हते.

पण आता अडचणीच्या जागी थांबावे लागेल. सप्टेंबर २०१२ मध्ये लिल जोजो हा अठरा वर्षांचा रॅपर सायकलवरून जात असताना गोळ्या घालून मारला गेला. त्याआधी त्याने कीफच्या गटाला डिवचणारे गाणे केले होते. त्याच्या मृत्यूनंतर कीफच्या ट्विटर खात्यावरून खिल्ली उडवणारा मजकूर प्रसिद्ध झाला; खाते हॅक झाल्याचे कीफने नंतर सांगितले. त्याच वर्षी शिकागोत ५०० हून अधिक खून झाले, आणि वर्ष संपता संपता कीफचा ‘फायनली रिच’ हा अल्बम एका मोठ्या कंपनीने बाजारात आणला. ऑगस्ट २०२० मध्ये एफबीजी डक शहरातल्या श्रीमंत वस्तीत, खरेदीच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या मारला गेला; प्रतिस्पर्धी गटातल्या मृतांची नावे घेऊन हिणवणारे त्याचे गाणे नुकतेच आले होते. नोव्हेंबरमध्ये अटलांटात किंग व्हॉन गेला, वय २६.

समीक्षेच्या वर्गात आपण शिकतो की कवितेतला ‘मी’ आणि कवी एक नसतात. हे तत्त्व इथे लागू करायला हवे, आणि ते पुरेसे नाही हेही मान्य करायला हवे. समाजशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी दक्षिण शिकागोतल्या अशा मुलांबरोबर दीर्घ काळ राहून केलेला अभ्यास २०२० मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातला महत्त्वाचा मुद्दा असा की या मुलांच्या गाण्यांतली बरीचशी हिंसा वाढवून सांगितलेली असते. लक्ष वेधून घेणे हेच त्यांच्याकडचे एकमेव भांडवल असते, आणि इंटरनेटवर सर्वांत जास्त लक्ष ‘खऱ्या’ गुंडाकडे जाते. म्हणून मुखवटा खरा आहे असे सतत सिद्ध करावे लागते. धोका असा की समोरचा गट तो मुखवटा मानत नाही, पोलीस मानत नाहीत आणि न्यायालयातही कधीकधी गाण्याची ओळ पुरावा म्हणून वाचली जाते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये अशा वापरावर मर्यादा आणणारा कायदा केला तो याचमुळे.

दोन सोपी उत्तरे तुमच्या उत्तरपत्रिकेत येण्याची शक्यता आहे. पहिले, बंदी. २०१५ मध्ये कीफचा होलोग्राम, म्हणजे केवळ प्रकाशाची आकृती, शिकागोजवळच्या हॅमंड येथे गाऊ लागला तेव्हा पोलिसांनी तो कार्यक्रमही बंद पाडला. कार्यक्रम हिंसेविरुद्धच्या आवाहनासाठी होता. लंडनमध्ये स्केंग्डो आणि एएम यांना २०१९ मध्ये एक गाणे सादर केल्याबद्दल स्थगित कारावास झाला. आपल्याकडे पंजाब सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये शस्त्रांचे उदात्तीकरण करणाऱ्या गाण्यांवर बंदी जाहीर केली. सिद्धू मूसेवालाची हत्या त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. बंदीने गाणी थांबल्याचे मला तरी दिसत नाही. दुसरे सोपे उत्तर म्हणजे ‘साहित्य हा समाजाचा आरसा’. आरसा कुणाचे नाव घेऊन चिडवत नाही. ड्रिल घेते.

इथे मराठी वाचकाला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) आठवेल. तिथेही शिवी, रक्त आणि वस्तीची बोली आहे. अनेक शब्द पांढरपेशा वाचकाला परके होते आणि प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही ते विचारून घ्यावे लागले. पण ढसाळांचा संताप वर जातो, ज्या व्यवस्थेने कामाठीपुरा घडवला तिच्यावर. ड्रिलचा संताप आडवा जातो, शेजारच्या गल्लीतल्या तितक्याच गरीब मुलावर. ही तुलना ड्रिलला कमी लेखण्यासाठी करत नाही. वर बघायला काही दिसत असावे लागते; सोळा वर्षांच्या कीफला कदाचित समोरची गल्लीच दिसत होती. तरीही समीक्षक म्हणून हे नोंदवावे लागते की जिथे गाणे मृताचे नाव घेऊन हसते तिथे ते लहान होते. सपाट स्वरातली ती भयाण पोकळी लगेच भरते आणि उरतो हिशेब. लिल जोजोचे गाणे आज ऐकताना त्याच्या मृत्यूची माहिती बाजूला ठेवता येत नाही, आणि लाखो लोकांनी ते नेमके त्या माहितीसाठीच ऐकले. त्यात दूरच्या देशांतल्या वसतिगृहांत बसलेले विद्यार्थीही असतील. कुणी कुणाला मारले याचे तक्ते बनवणारे व्हिडिओ यूट्यूबवर गाण्यांच्या शेजारीच सापडतात. ऐकताना तुम्ही त्यांतल्या कशावर बोट ठेवता तेही पाहा.

हर्बोची २०१२ मधली ‘किल शिट’ आणि २०२० चा ‘पीटीएसडी’ हा अल्बम लागोपाठ ऐका. दुसऱ्याचे नावच आघातानंतरच्या मानसिक विकाराचे आहे. तो युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात आपल्याला जास्त माहीत असतो. आवाज तोच, धापही तीच. मेलेल्यांची यादीही आहे. मात्र आता ती स्वतःच्या बाजूच्या मृतांची आहे, आणि ती म्हणताना तो घाई करत नाही.