कथानकाचा आराखडा आणि 'बारोमास'

गेल्या मृगात एक तरुण लेखक आपल्या नियोजित कादंबरीचा आराखडा घेऊन आमच्याकडे आले. पंचवीस प्रकरणे, प्रत्येकाचा सारांश, आणि चोविसाव्यात कर्जबाजारी नायकाची आत्महत्या. आराखडा रेखीव होता. तथापि ज्या बुलढाणा जिल्ह्यात असे मृत्यू गावोगावच्या ओळखीचे झाले आहेत, तेथे एका शेतकऱ्याचे मरण त्याचे जगणे लिहिण्यापूर्वीच ठरवून टाकावे, हे आमच्या मनास रुचेना.

वस्तुतः अशा आराखड्याचा पुरस्कार आम्हीच वर्गात वर्षानुवर्षे केला आहे. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून, कथालेखनासही तंत्र असते व ते अभ्यासता येते, हे मराठी लेखकांस पटविले; तो उपकार लहान नव्हे. उलटपक्षी इंग्रज कादंबरीकार ट्रॉलप आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगतो की, कादंबरी आरंभिताना तिचा शेवट त्यास ठाऊक नसे. आणि हाच गृहस्थ रोज घड्याळ समोर ठेवून ठराविक शब्द लिहीत असे! तेव्हा आराखडा नसणे म्हणजे आळस, असे समजणाऱ्यांनी जरा थांबावे.

आमच्या मते खरा प्रश्न, रचना आधी केली की नाही, हा नसून ती कोठून आली, हा आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणुकी'तून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तीत पाल्हाळ आहे. परंतु लग्न, वैधव्य, केशवपन हा यमूच्या आयुष्याचा क्रम हरिभाऊंच्या कल्पनेतून निघाला नव्हता. तो तत्कालीन समाजाने रचून ठेवला होता. हरिभाऊंनी त्यातून चालणारी मुलगी पाहिली.

आमच्याच जिल्ह्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) हेच निराळ्या रीतीने दिसते. नायक एकनाथ शिकलेला, पण बेकार. नोकरीस देणगी हवी. देणगीस पैसा हवा. आणि शेतकऱ्याच्या घरी पैसा यावयाचा तो शेतातूनच. हा पेच कोणत्याही तंत्रनिपुण लेखकाच्या निरगाठीहून घट्ट आहे, आणि त्यात योगायोगाचा एक धागाही नाही. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी करावी लागली, की घरातील बोलण्याचा सूर बदलतो. बापलेकांतील अंतर वाढते. नक्षत्रांचा क्रम शेतकऱ्यास पाठ असतो, पण त्या वर्षी घरात काय होईल, ते त्यास कोठे ठाऊक असते? कादंबरीत तपशिलाचा भार कोठे कोठे अति होतो, हे खरे. फडक्यांच्या शिष्याने त्यातील बरीच पाने खुशाल गाळली असती. मात्र त्यांबरोबर ते घरही गेले असते, अशी आम्हास भीती वाटते.

आम्ही त्या तरुणांस चोविसावे प्रकरण कोरे ठेवण्यास सांगितले. पहिले कर्ज कोणाकडून, कशासाठी, कोणत्या महिन्यात काढले, तेवढेच आधी लिहा, म्हटले. ते नाराज होऊन गेले. दिवाळीनंतर चार प्रकरणे घेऊन आले. आराखड्यात जिला अर्धी ओळ होती, ती नायकाची बायको आता सावकाराशी स्वतः बोलत होती, व्याजाचा हिशेब तोंडी करीत होती. नायक ओसरीवर गप्प बसला होता. हे असे कसे झाले, हे ते आम्हासच विचारू लागले.