समस्या आणि साधन : शालेय गणिताध्यापनातील एक प्रश्न

समस्या सोडविता सोडविता गणित शिकावे, हा विचार नवा नव्हे. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊ टु सॉल्व्ह इट’ या ग्रंथात समस्येचे आकलन, योजना, तिची अंमलबजावणी आणि सिंहावलोकन अशा चार पायऱ्या सांगितल्या. पुढे संगणकाने या विचारास नवी साधने पुरविली. २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी आरंभिलेली ‘जिओजेब्रा’ ही प्रणाली त्यांपैकी एक होय. तिच्यात पडद्यावरील बिंदू सरकविताच आकृती तत्क्षणी बदलते. तथापि, या सोयीने समस्याधारित अध्यापन आपोआप घडते, हा समज तपासून घेतला पाहिजे.

कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले असता समांतरभुज चौकोन होतो, हा १७३१ साली प्रसिद्ध झालेला व्हारिन्यों यांचा सिद्धान्त घ्यावा. विद्यार्थी शिरोबिंदू वाटेल तसे सरकवितो. आतील आकृती समांतरभुजच राहते. त्याची खात्री पटते आणि जिज्ञासा तेथेच थांबते. कर्ण काढला की मध्यबिंदूंच्या प्रमेयावरून कारण उलगडते. परंतु कारण विचारण्याची गरजच उरलेली नसते.

याउलट, वर्तुळावरील बिंदू परस्परांस जीवांनी जोडल्यास वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतील, ही समस्या पाहावी. दोन बिंदूंना २, तीन बिंदूंना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना ३२, असे विद्यार्थी निःशंकपणे सांगतो. सुसम षटकोनाचे शिरोबिंदू घेतल्यास भाग ३० भरतात. एक बिंदू वर्तुळावर किंचित सरकविताच केंद्रापाशी एकवटलेल्या तीन जीवा फाकतात, मध्ये इवलासा त्रिकोण उघडतो आणि संख्या ३१ होते. ३२ भाग कधीच मिळत नाहीत. या अपेक्षाभंगातूनच सिद्धतेची निकड जन्मास येते. प्रत्येक जीवेमुळे एक आणि जीवांच्या प्रत्येक छेदनबिंदूमुळे एक भाग वाढतो; म्हणून १ + १५ + १५ = ३१.

दोन्ही पाठांत साधन एकच आहे. भेद आहे तो प्रश्नाच्या मांडणीत. व्हारिन्यों यांचा सिद्धान्तही ‘आतील आकृती आयत केव्हा होईल?’ असा विचारला, तर विद्यार्थ्याचे लक्ष कर्णांकडे, म्हणजेच कारणाकडे वळते. म्हणून अध्यापक-प्रशिक्षणात प्रणाली हाताळण्याच्या कौशल्यापेक्षा समस्या निवडण्याच्या विवेकास अग्रस्थान मिळाले पाहिजे. पोल्या यांची चौथी पायरी विद्यार्थ्यास स्वतःच चढावी लागते.