एकनाथांचा हिंदु-तुर्क संवाद : त्यांतील हास्याचा विचार

पैठणच्या एकनाथस्वामींचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ जुन्या बाडांचा संग्रह करणाऱ्यांस अपरिचित नाहीं. भारुडांच्या शेजारीं तो छापील गाथ्यांतहि येतो, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत एलिनॉर झेलियट यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केल्यापासून परदेशस्थ अभ्यासकांचेंहि लक्ष त्याकडे गेलें आहे. तथापि या प्रकरणाचा विचार बहुधा दोनच दृष्टींनीं होतो. कोणी त्यांत दोन समाजांच्या ऐक्याचा उपदेश पाहतो व शेवटचें आलिंगन तेवढें सांगतो; कोणी त्यांत धर्मवाद पाहतो व आपल्या पक्षाचीं तेवढीं उत्तरें निवडून घेतो. दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते : हा संवाद श्रोत्यांस हंसविण्यासाठीं रचिला आहे, आणि त्याचें मर्म त्या हंसण्यांतच आहे. प्रस्तुत लेखांत तेवढ्याच अंगाचा विचार कर्तव्य आहे.

प्रथम बाह्य स्वरूप पाहूं. ‘तुर्क’ हा शब्द येथें वंशवाचक नसून त्या काळच्या प्रघाताप्रमाणें मुसलमान या अर्थीं आहे. तुर्काच्या तोंडीं दखनी वळणाची हिंदुस्थानी आहे, हिंदूच्या तोंडीं मराठी. सोळाव्या शतकांत पैठण निजामशाही अमलाच्या टापूंत होतें. एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते असें परंपरा सांगते. अर्जदस्त, कौलनामा, जमाखर्च, ताकीदपत्र अशा दफ्तरी कागदांच्या थाटाचीं रूपकें ज्यानें रचिलीं, त्यास कचेरींतील व बाजारांतील भाषेचा कान होता हें निराळें सांगावयास नको. तेव्हां तुर्काची बोली ही नुसती नक्कल नव्हे. श्रोत्यांस तो माणूस शेजारचा म्हणून ओळखतां यावा, ही तींतील योजना आहे.

आतां वादाचा विषय. देवाला हात-पाय कल्पून पुराणांतून त्याच्या भलभलत्या गोष्टी सांगतां, नदींत पाणबदकांप्रमाणें बुचकळ्या मारतां, सोंवळ्या-ओंवळ्याच्या धाकानें एकमेकांपासून दूर बसून जेवतां, असा तुर्काचा रोख आहे. हिंदु उलट विचारतो : देव सर्वत्र आहे म्हणतां, तर पश्चिमेकडेच तोंड कां? पांच वेळां तेवढ्या देवाच्या, तर मग बाकीच्या वेळा कोणाच्या? आम्ही दगड पूजितों म्हणून हंसतां आणि स्वतः पिराच्या थडग्यावरील दगडाला मान देतां, तो कसा? जीव मारून पुण्य कसें जोडतें? असे घाव दोन्हीकडून बसतात, आणि कोणताहि घाव हलक्या हाताचा नाहीं.

या थट्टेची घडण नीट पाहिली म्हणजे एक नियम दिसतो. दोघांपैकीं प्रत्येकास स्वतःच्या कर्माचा आंतील भाव ठाऊक आहे आणि दुसऱ्याच्या कर्माचें केवळ बाहेरचें अंग दिसतें आहे. आपल्या नमाजांत नम्रता आहे हें तुर्क जाणतो; दुसऱ्याच्या स्नानांत मात्र त्याला पाणी उडालेलें तेवढें दिसतें. आपल्या मूर्तींत देव आहे हें हिंदु जाणतो; दुसऱ्याच्या थडग्यांत मात्र त्याला दगड दिसतो. कर्मांतून भाव वजा केला कीं जें उरतें तें हास्यास्पद असतें, मग तें कोणत्याहि धर्माचें असो. जो श्रोता एका प्रश्नास खदखदून हंसला, त्याच्यावरच पुढच्या उत्तरांत हंसण्याची पाळी येते. हें गणित श्रोत्यांस उघड करून सांगितलेलें नाहीं. तें त्यांच्याच तोंडून, हंसण्याच्या रूपानें, वदवून घेतलें आहे.

यापुढें एक पाऊल टाकणें अवश्य आहे. प्रतिपक्षानें काढलेलें आपलें चित्र खरें कीं खोटें, हें प्रतिपक्षावर अवलंबून नाहीं. स्नान करणाऱ्याच्या मनांत भाव असेल तर तुर्काचें वर्णन खोटें. नसेल तर तें अक्षरशः खरें, कारण भावहीन स्नान आणि बदकाची बुचकळी यांत बदकास कमीपणा देण्याजोगें कांहींच नाहीं. म्हणून या संवादास कर्माचें खंडन समजणें चुकीचें होय. एकनाथांच्या नांवें प्रसिद्ध असलेली नित्यनेमाची परंपरा त्या समजुतीस अनुकूल नाहीं. कर्म सोडा असें येथें कोणी म्हणत नाहीं. शेजाऱ्याचें वर्णन आपल्याला लागू पडूं देऊं नका, एवढेंच सुचविलें आहे.

याच संदर्भांत ती सर्वश्रुत आख्यायिका आठवते. नाथ गोदावरीहून स्नान करून येत असतां एक यवन त्यांच्यावर थुंकला. ते पुन्हा नदीकडे वळले. असें वारंवार, कोणी सांगतात एकशें आठ वेळां, घडलें आणि अखेर थुंकणाराच लज्जित झाला. कथा उत्तरकालीन चरित्रपरंपरेंतली आहे, आणि त्या परंपरेंतील महिपतीसारख्या कवींचे ग्रंथ तर अठराव्या शतकांतले. तेव्हां प्रसंगाचा पुरावा म्हणून ती घेतां येणार नाहीं. परंतु परंपरेनें नाथांस कसें ओळखलें याचा ती पुरावा आहे. संवादांत ज्या स्नानाची थट्टा झाली तेंच स्नान येथें आहे. पाणी तेंच, घाट तोच. परंतु राग न येतां केलेल्या त्या स्नानाला बुचकळी म्हणण्याची सोय उरली नाहीं. कथाकारांनीं तुर्काच्या थट्टेस दिलेलें हें उत्तर आहे असें आमचें मत आहे, आणि वादांतील कोणत्याहि उत्तरापेक्षां तें आम्हांस सरस वाटतें.

संवादाच्या अखेरीस दोघे एकमेकांस वंदन करून आलिंगन देतात आणि भांडण एकाच तत्त्वासाठीं होतें असें मान्य करतात. मागील हंसणें वगळून हा शेवट सांगितला तर तें गोडबोलें प्रवचन होतें. हा शेवट वगळून मागील भाग सांगितला तर ती शिवीगाळ होते. यासाठीं संपादकांस विनंति कीं, हें प्रकरण छापावयाचें तर सबंध छापावें. दखनी शब्द मराठी लेखकाच्या हातून सहज बिघडतात, आणि शब्द बिघडला कीं थट्टा मरून नुसता आरोप उरतो. म्हणून या भागाचे पाठभेद विशेष काळजीनें नोंदावे. ज्या नाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तींत पुढें कोणीं आपली ओंवी घालूं नये असें बजाविलें, त्यांच्या स्वतःच्या रचनेंतून चरण गाळणें हें तर त्यांच्याच आज्ञेचें उलटें टोंक होय.

शेवटीं थोडें स्वकीयांविषयीं. पोथ्या तांबड्या फडक्यांत बांधून देव्हाऱ्यांत ठेवणारीं घरें आपण सर्वांनींच पाहिलीं आहेत. दसऱ्यास त्यांजवर हळदकुंकू पडतें, फुलें पडतात, ओलें गंधहि पडतें. पुढें पहिलें पान दुसऱ्यास चिकटतें, आणि मंगलाचरणच वाचतां येत नाहीं. अशा कित्येक पोथ्यांचें साद्यंत पारायण केलें असेल तर तें वाळवीनें. त्या यजमानांस हंसण्याचा अधिकार आपणांस आहे असें आपण समजतों; परंतु आपल्या संग्रहांतील कपाटें तरी काय सांगतात? क्रमांक घातला, वेष्टन बदललें, यादींत नोंद केली, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, आणि कुलूप लावलें. आपलेंहि हें एक सोंवळेंच आहे. नाथांचा तो तुर्क एखादे दिवशीं आपल्या कपाटापुढें येऊन उभा राहिला तर म्हणेल : हे लोक जुना कागद गुंडाळून ठेवतात, त्याची राखण करतात, आणि उघडीत मात्र नाहींत. त्याचें हें म्हणणें खोटें ठरविणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. त्यास एकच उपाय आहे, आणि तो फडकें सोडण्यापासून सुरू होतो.