निवृत्त शिपायांचा रकाना

खेळण्यातले शिपाई जमवणाऱ्यांच्या भाषेत ‘रिटायर्ड’ म्हणजे कंपनीने बनवणं थांबवलेला शिपाई. अशा निवृत्तांचे ऑनलाइन डेटाबेस मी आवडीने वाचतो. पोटापाण्यासाठी दिवसभर टेबलं आणि रकानेच बघत असल्यामुळे, कुणी कशाला रकाना दिला आणि कशाला नाही, यावर आपोआप नजर जाते.

लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचं घ्या. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन ज्युनियरने शिपाई आतून पोकळ ओतायची पद्धत आणली. साच्यातलं शिसं कडेने गोठलं की मधलं ओतून द्यायचं. धातू कमी, किंमत कमी. १९६६ मध्ये शिशाचे शिपाई बंद झाले, म्हणजे सगळी पलटण एकदम रिटायर्ड.

या पलटणीची नोंद चाहत्यांनी ज्या चिकाटीने केलीय, तिला दाद द्यावीच लागते. संच क्रमांक, नगांची संख्या, हात स्थिर की हलणारा, पायाखालची पट्टी गोल की चौकोनी, लाल खोका शाबूत आहे का. शिपायावरची तारीख तो बनल्याची नसून कॉपीराइट नोंदवल्याची असते, हेही जाणकार नवख्याला आवर्जून सांगतात. इतकी शिस्त आमच्या क्षेत्रातही क्वचित दिसते.

गडबड होते ती नावाच्या रकान्यात. संच क्रमांक ६६ आधी ‘फर्स्ट बॉम्बे लान्सर्स’ होता, नंतर ‘थर्टीन्थ ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन लान्सर्स’ झाला. कॅटलॉग याला नावातला फरक म्हणून पुढे जातो. पण खरी रेजिमेंटच १९२२ मध्ये दुसरीत विलीन झाली होती, आणि १९४७ च्या फाळणीत ती पाकिस्तानकडे गेली. मग ‘देश : भारत’ या रकान्याचं काय करायचं?

संच क्रमांक ६८, ‘सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’, तर थेट आपल्या दारात येतो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढलेली बटालियन पुढे याच क्रमांकाची रेजिमेंट झाली. तिथल्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी २२ नावं आहेत, ती महार शिपायांची. १९२७ मध्ये बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले होते. आता तारखा शेजारी ठेवून बघा. हा संच १८९० च्या दशकातला. त्याच दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, आणि गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. वलंगकर स्वतः निवृत्त लष्करी. लंडनमध्ये त्या रेजिमेंटचे शिपाई खोक्यात भरले जात होते, आणि इथे ज्यांच्या आज्यांनी तिचं नाव कमावलं त्यांना भरतीचं दार बंद होतं.

‘अहो, हा खेळण्यांचा कॅटलॉग आहे, इतिहासाचं पुस्तक नाही,’ असं कुणी म्हणेल. मान्य. पण हेच लोक कॉलरचा रंग रेजिमेंटच्या खऱ्या गणवेशाशी ताडून बघतात. रंग चुकला की दुरुस्ती येते. खरेपणाचा निकष त्यांनी आधीच स्वीकारलाय, फक्त तो कापडापाशी थांबतो.

आणि उपाय अवघड नाही. रेजिमेंटचं वेगळं टेबल करा. नाव ही ओळख न मानता, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कोणतं नाव होतं ते लिहा. कोण कुणात विलीन झालं ते जोडा. भरती कुणाची होती, कुणाची थांबली, यासाठी एक रकाना ठेवा. तो सुरुवातीला रिकामा राहिला तरी चालेल. रिकामा रकाना दिसला की कुणीतरी विचारतं. रकानाच नसला, तर विचारायचं सुचतही नाही.

या डेटाबेसांवर माझा राग नाही. खोक्याच्या फाटक्या कोपऱ्याची नोंद ठेवणारी माणसं हेही सहज करू शकतील, म्हणूनच त्यांच्याकडे मागणं आहे.