'गोरोबा' : एका नामाची व्युत्पत्ती

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव प्राचीन 'तगर' म्हणून इतिहासज्ञांस, तर गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांस परिचित आहे. या भागात मुलाचे नाव 'गोरोबा' ठेवण्याची रूढी आहे. नावाचा अर्थ विचारल्यास बहुधा एक कथा ऐकावयास मिळते : आईबापांची मुले जगत नव्हती, विठ्ठलाने पुरलेले मूल 'गोरी'तून जिवंत काढून दिले, म्हणून तो 'गोरा'. कथा म्हणून ही हृद्य आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या लेखनात ती व्युत्पत्ती म्हणून उतरू लागली की तिची परीक्षा करणे प्राप्त होते.

'गोर' म्हणजे थडगे. हा शब्द फार्सी आहे. परंपरेने गोरोबांचा जन्म शके ११८९ (इ. स. १२६७) मध्ये मानला जातो. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी इ. स. १२९६ मधील, मराठीत फार्सी शब्दांचा मोठा ओघ आला तो त्यानंतर. तेव्हा यादवकाळी तेरच्या कुंभाराने आपल्या मुलाचे नाव या शब्दावरून ठेवले असेल, हे संभवत नाही. उलट संस्कृत 'गौर', प्राकृत 'गोर', मराठी 'गोरा' ही परंपरा ध्वनिनियमांस धरून आहे, आणि 'काळू'सारखी वर्णवाचक नावे आपल्याकडे रूढ आहेतच.

उत्तरपद 'बा' हे आदरार्थी. अभंगांच्या नाममुद्रेत संत स्वतःस 'गोरा कुंभार' म्हणवितो; 'बा' लोकांनी जोडला. ज्ञानोबा, तुकोबा, चोखोबा ही त्याच घडणीची नावे. आणि विठोबा, खंडोबाही. देव आणि भक्त यांना एकाच प्रत्ययाने हाक मारणारी ही भाषा त्यावर 'काका' हे नाते चढविते, ते संतमेळ्यातील गोरोबांच्या वडीलकीमुळे.

मग कथा टाकून द्यावी काय? मुळीच नाही. मुले जगत नसली की धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवून मृत्यूची नजर चुकविण्याची चाल आपल्या समाजात होती. 'गोरी'ची कथा त्याच भयातून उपजली असावी. ती नावाचा उगम सांगत नाही, नाव ठेवणाऱ्यांचे मन सांगते. शिवाय शब्दार्थ आणि नामकरणाचा हेतू या भिन्न गोष्टी होत. जॉर्जियातील 'गिओर्गी' या नावाचे मूळ ग्रीक; अर्थ 'शेतकरी'. पण तेथील पिता मुलाला ते नाव देतो ते संत जॉर्जच्या स्मरणार्थ. तेरकडील सावळ्या मुलासही 'गोरोबा' म्हणताना कोणास विसंगती वाटत नाही, याचे कारण हेच.

सारांश, अभ्यासकाने व्युत्पत्ती ध्वनिनियमांकडून घ्यावी आणि कथा समाजाकडून. दोहोंची गल्लत केल्यास शास्त्र तर बिघडतेच, पण त्या कथेत दडलेले आईबापांचे दुःखही आपल्या ध्यानी येत नाही.